जयस्तंभ चौक : अन्नाच्या प्रश्नाचे स्मारक

रायपूर शहराचा मध्य कोठे, असे कोणी विचारले तर जुना रायपूरकर नकाशा न पाहताच जयस्तंभ चौकाचे नाव घेईल. शारदा चौकाकडून येऊन शास्त्री चौकाकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड आणि बाजारपेठेतून येणारा मालवीय रोड येथे एकमेकांना भेटतात. सकाळपासून रात्रीपर्यंत वाहनांचा प्रवाह या स्तंभाला वळसा घालून वाहत असतो. आपल्या शाळेच्या साठ वर्षांत येथून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी हा चौक कधी ओलांडलाच नाही असा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. परंतु ज्या जागेवरून आपण नित्य जातो, त्या जागेची हकिकत आपल्याला पाठ्यपुस्तकातील चार ओळींपलीकडे ठाऊक असतेच असे नाही.

त्या चार ओळी अशा : सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात जाहीरपणे देहदंड देण्यात आला, छत्तीसगढचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांना मान आहे, त्यांच्या बलिदानाची जागा म्हणून जयस्तंभ चौक ओळखला जातो. या ओळी खऱ्याच आहेत. मात्र त्यांत दोन गोष्टी राहून जातात. हा लढा मुळात धान्याच्या एका कोठारापासून सुरू झाला, ही पहिली. आणि या लढ्याशी, या जागेशी, रायपूरच्या मराठी समाजाचे नाते कोणते, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही, ही दुसरी. हीरक महोत्सव हा जसा अभिनंदनाचा प्रसंग असतो, तसाच तो स्वतःच्या मुळांकडे स्वच्छ दृष्टीने पाहण्याचाही असतो. म्हणून या दोन गोष्टींचा येथे विचार करू.

भोसल्यांचा अंमल आणि आपले येणे

छत्तीसगढात मराठी माणूस प्रथम आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आणि त्यामागून आलेल्या दफ्तराबरोबर. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि शतकानुशतके चालत आलेली हैहयवंशी कलचुरींची सत्ता भोसल्यांच्या वर्चस्वाखाली गेली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून प्रत्यक्ष कारभार पाहिला. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. दरबारात मराठी भाषा आणि मोडी लिपी यांना स्थान मिळाले. बिंबाजींना या प्रदेशात स्वतःचे घर असल्यासारखे वाटत असावे, असे त्यांच्या कारभारावरून म्हणता येते.

त्यांच्यानंतर आलेली सुभा पद्धती मात्र वेगळी होती. राजे नागपुरात आणि सुभेदार छत्तीसगढात, अशी व्यवस्था १७८७ पासून सुरू झाली. महिपतराव दिनकर हे पहिले सुभेदार. विठ्ठलराव दिनकर यांनी १७९० च्या सुमारास जुनी गढांची रचना मोडून परगण्यांची व्यवस्था बसवली. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार आला, त्याच्याबरोबर फडणवीस आला, हिशेबनीस आले. यांपैकी कित्येक कुटुंबे येथेच स्थायिक झाली. आज रायपूर, बिलासपूर, रतनपूर येथील जुन्या मराठी घरांची मुळे शोधू गेल्यास अनेकदा ती याच दफ्तरांपर्यंत जाऊन पोहोचतात. शारदा चौकाला लागून असलेला तात्यापारा ही रायपुरातील मराठी माणसाची जुनी वस्ती. तेथून जयस्तंभापर्यंत पायी गेले तरी काही मिनिटांचेच अंतर आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे. सुभ्याचा कारभार हा प्रामुख्याने वसुलीचा कारभार होता. नागपूरच्या खजिन्यात किती रक्कम भरली यावर सुभेदाराची किंमत ठरत असे. रयतेचे काय झाले याची विचारपूस दुय्यम होती. डोंगराळ आणि जंगली भागांतील जमीनदार ठरावीक टकोली भरून आपापल्या मुलखात बरेचसे स्वतंत्र राहत. मैदानी भागातील शेतकऱ्याला मात्र त्या वसुलीचा भार सोसावा लागे. आपल्या पूर्वजांनी या प्रदेशाला मंदिरे दिली, दफ्तरे दिली, सणांच्या काही चाली दिल्या, हे खरे. आणि ते येथे प्रथम आले ते घेणाऱ्यांच्या बाजूने आले, हेही तितकेच खरे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांच्या नावाने कारभार आपल्या हाती घेतला आणि कर्नल अ‍ॅग्न्यू यांच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपूरला आले. आजच्या राजधानीचा पाया त्या निर्णयात आहे. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे गेला. परंतु ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. छत्तीसगढ आता थेट कंपनी सरकारच्या ताब्यात आले. चार्ल्स इलियट हे रायपूरचे डेप्युटी कमिशनर झाले. सोनाखानची हकिकत येथून सुरू होते.

सोनाखानचे कोठार

सोनाखान हे गाव आजच्या बलौदाबाजार जिल्ह्यात, कसडोलच्या पुढे, जोंक नदीच्या परिसरातील डोंगर-जंगलांत आहे. तेथील जमीनदारी बिंझवार या आदिवासी समाजातील घराण्याकडे होती. नारायणसिंह यांचा जन्म १७९५ चा. त्यांचे वडील रामराय यांनीही १८१८-१९ च्या सुमारास, इंग्रजांनी कारभार हाती घेताच, त्यांच्याशी दोन हात केले होते. १८३० च्या सुमारास नारायणसिंह गादीवर आले. जमीनदार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे वाडे आणि जो थाट उभा राहतो, तसे तेथे काही नव्हते; मातीच्या घरात राहणारा, आपल्या माणसांत वावरणारा असा हा वनप्रदेशातला प्रमुख होता.

१८५६ मध्ये पावसाने दगा दिला. छत्तीसगढ ही धानाची भूमी. येथील शेतकरी एका पिकावर वर्ष काढतो. ते पीक गेले की घरातील बियाणेही पोटात जाते आणि पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी सावकाराचे दार गाठावे लागते. सोनाखानच्या परिसरातील गावे अशा स्थितीला आली असताना कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे मात्र धान्याची कोठारे भरलेली होती. नारायणसिंह यांनी गावकऱ्यांसाठी धान्य मागितले. ते मिळाले नाही. तेव्हा त्यांनी कोठार उघडून धान्य उपाशी लोकांत वाटून टाकले.

यानंतर त्यांनी जे केले ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण काय केले आणि का केले, हे त्यांनी स्वतःच डेप्युटी कमिशनरला कळवले. लपवण्यासारखे काही आपल्या हातून घडले आहे, असे त्यांना वाटत नव्हते. प्रजा उपाशी असताना कोठार उघडणे हे प्रमुखाचे कर्तव्यच, ही त्यांची समजूत होती, आणि ती त्या प्रदेशाच्या जुन्या रीतीला धरून होती. व्यापाऱ्याच्या तक्रारीवर सरकारने मात्र कंपनीच्या कायद्याचा अर्थ लावला. त्या अर्थाने हा दरोडा होता. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी संबलपूर येथे नारायणसिंह यांना पकडण्यात आले आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

दोन न्यायकल्पना येथे समोरासमोर आल्या होत्या. एकीच्या मते कोठारातील धान्य ज्याचे, तो ते विको अथवा न विको, त्याचा हक्क अबाधित. दुसरीच्या मते माणूस मरत असताना धान्यावर पहिला हक्क भुकेचा. इलियट यांनी पहिली कल्पना धरली, नारायणसिंह यांनी दुसरी. १८५७ च्या पूर्वीच सोनाखानात संघर्षाचे बी पडले होते, ते असे. दिल्ली-मेरठच्या बातम्यांची त्यासाठी गरज पडली नाही.

१० डिसेंबर १८५७

१८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेत उठाव झाला आणि त्याची धग रायपूरच्या छावणीतही पोहोचली. येथे तिसरी देशी पलटण होती. २८ ऑगस्ट १८५७ रोजी नारायणसिंह तीन साथीदारांसह रायपूरच्या तुरुंगातून निसटले. पलटणीतील शिपायांचे त्यांना साहाय्य होते, असे मानले जाते. सोनाखानला पोहोचल्यावर त्यांनी सुमारे पाचशे बंदूकधारी जमवले आणि मार्गांची नाकेबंदी केली.

नोव्हेंबरमध्ये स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली इंग्रजांची तुकडी रायपूरहून निघाली. तिला सर्वांत मोठे बळ मिळाले ते आसपासच्या जमीनदारांकडून. कटंगी, भटगाव, बिलाईगढ आणि देवरी येथील जमीनदारांनी माणसे दिली, वाटा दाखवल्या. देवरीचे महाराज साय तर नारायणसिंह यांचे नातलगच होते. फितुरीची ही कहाणी आपल्या इतिहासात नवी नाही. शिवकालापासून आपण तिची अनेक रूपे पाहिली आहेत. जंगलातील लढाईत परका शत्रू वाट चुकतो. वाट दाखवणारा आपला असला की मग जंगलही साथ देत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत सोनाखान गावाला आग लावण्यात आली. रिकामे गाव जळत होते आणि नारायणसिंह जवळच्या डोंगरावरून प्रतिकार करत होते. परंतु लढा लांबला तर आपल्या माणसांचे आणखी हाल होणार, हे उघड होते. २ डिसेंबर रोजी ते शत्रूच्या स्वाधीन झाले. ज्यांच्यासाठी कोठार उघडले त्यांच्यासाठीच त्यांनी शस्त्र खाली ठेवले, असे म्हणणे अयोग्य होणार नाही. त्यांना रायपूरला आणण्यात आले, घाईने चौकशी झाली, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी पलटणीच्या देखत त्यांना देहदंड देण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय बासष्टच्या आसपास होते.

या प्रसंगाच्या दोन प्रतिमा आज प्रचलित आहेत. इतिहासग्रंथांत सामान्यतः फाशीचा उल्लेख येतो. लोकस्मृतीत मात्र तोफेच्या तोंडी बांधलेले नारायणसिंह आहेत. भारत सरकारने १९८७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ साठ पैशांचे टपाल तिकीट काढले, त्यावरही तोफेपुढे उभे असलेले त्यांचे चित्र आहे. आपल्या मुलांना ही हकिकत सांगताना दोन्ही प्रतिमांचा उल्लेख करावा. लोकांनी त्यांच्या मृत्यूला तोफेची जोड दिली यावरून त्या मृत्यूचा धक्का किती खोल होता हे कळते. आणि सरकारी कारभारात तो दंड एका साध्या तारखेपुरता उरला यावरून सत्तेला तो विषय किती लवकर मिटवायचा होता हेही कळते.

पलटणीतील सतरा जण

देहदंड पलटणीसमोर देण्यामागचा हेतू शिपायांना जरब बसवण्याचा होता. तो हेतू साधला नाही. पुरते सहा आठवडेही उलटले नाहीत तोच, १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी, त्याच तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह या मॅगझिन लष्कराने सार्जंट मेजर सिडवेल यांच्या घरात शिरून त्यांना ठार केले आणि छावणीत उठावाची हाक दिली. काही तास छावणी पेटली. पण सगळी पलटण उठली नाही. हनुमानसिंह निसटले. त्यांना पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, तरी ते पुन्हा कधीही सरकारच्या हाती लागले नाहीत.

मागे राहिलेल्या सतरा जणांना मात्र २२ जानेवारी १८५८ रोजी सर्वांदेखत फाशी देण्यात आली. त्यांची नावे वाचताना एक गोष्ट जाणवते. गाझी खान, शिवनारायण, मातादीन, अब्दुल हयात, दुर्गाप्रसाद, अकबर हुसेन, देवीदीन, नझर महंमद, परमानंद, ठाकुरसिंह, शोभाराम... वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या जातींची ही माणसे एकाच दिवशी, एकाच अपराधाबद्दल गेली. त्यांपैकी बहुतेकांचे घर छत्तीसगढाबाहेर असावे. नोकरीसाठी येथे आलेल्या या परप्रांतीय शिपायांनी रायपूरच्या भूमीवर प्राण दिला. आपण कोठून आलो यापेक्षा आपण कोणत्या बाजूला उभे राहिलो यावरून माणूस एखाद्या भूमीचा होतो, हे त्या सतरा जणांनी दाखवून दिले. रायपूरच्या मराठी समाजाला स्वतःच्या नात्याचा विचार करताना हे उदाहरण जवळचे वाटावे.

दुष्काळ, लेखणी आणि सहकार

नारायणसिंह गेले तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न गेला नाही. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये छत्तीसगढाने भयंकर दुष्काळ पाहिला. तोवर रेल्वे येथवर आली होती. धान्य गाडीत भरून दूर नेणे सोपे झाले होते, आणि पैसा नसलेल्याला जवळचेही धान्य मिळत नव्हते. कोठारांची जागा आता बाजारपेठेने आणि सावकाराच्या वहीने घेतली होती. ती वही फोडता येत नाही; तिच्यासाठी वेगळे हत्यार लागते. ते हत्यार शोधणाऱ्यांत या वेळी मराठी माणसे पुढे होती.

त्याच दुष्काळाच्या काळात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी भाषक. पण ज्या लोकांत राहतो त्यांच्या भाषेत लिहायचे, हा निर्धार त्यांनी केला. पैशाअभावी हे मासिक तीन वर्षांत बंद पडले. परंतु त्याच्याच एका अंकात, १९०१ मध्ये, सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. आपला वाडा वाढवण्यासाठी विधवेची झोपडी घेणाऱ्या एका जमीनदाराची ती छोटीशी गोष्ट हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. तिच्यात प्रश्न तोच आहे : कागदाने मिळालेला हक्क मोठा की माणसाची गरज?

१९०७ मध्ये लोकमान्यांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहाखातर त्यांनी माफीपत्र दिले आणि ते सुटले. पण या सुटकेने त्यांचे मन इतके विदीर्ण झाले की त्यांनी सार्वजनिक जीवन सोडून समर्थ संप्रदायाचा आश्रय घेतला आणि माधुकरी मागून दिवस काढले. त्या एकांतातून ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद निर्माण झाला, आणि पुढे ‘गीतारहस्या’चाही. लोकमान्यांचा कर्मयोग हिंदी भाषकांपर्यंत पोहोचवणारा तो अनुवाद रायपूरच्या या लेखकाचा आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितलीच पाहिजे. रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळाही त्यांनी सुरू केली. २३ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

वामनराव लाखे यांनी घेतलेला मार्ग सोनाखानच्या प्रश्नाला अधिक थेट भिडणारा होता. १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपुरात जन्मलेल्या या वकिलाने पाहिले की, दुष्काळ येण्यापूर्वीच शेतकरी हरलेला असतो. कारण बियाण्यासाठी आणि बैलासाठी घेतलेले कर्ज त्याला पीक घरी येण्याआधीच विकायला लावते. कर्ज देण्याची सत्ता सावकाराच्या हातून काढून शेतकऱ्यांच्या संघटनेच्या हाती द्यावी, हा त्यावरचा उपाय. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी सहकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली होती. १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली, तिचे लाखे हे प्रमुख प्रवर्तक होते आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिचा भार त्यांनी वाहिला. १९४५ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांतून बलौदाबाजार येथे किसान सहकारी राइस मिल उभी राहिली. ज्या मुलखात १८५६ मध्ये व्यापाऱ्याचे कोठार उघडावे लागले होते, त्याच मुलखात नव्वद वर्षांनी शेतकऱ्यांची स्वतःची गिरणी सुरू झाली. नारायणसिंह यांनी ज्या दिवशी कोठार उघडले त्या दिवशीची भूक भागली. लाखे यांनी पुढच्या वर्षीच्या भुकेचा बंदोबस्त करण्याचा यत्न केला. हे दोन मार्ग एकमेकांना पूरकच आहेत.

सरकारने लाखे यांना १९१६ मध्ये ‘रायसाहेब’ ही पदवी दिली होती. १९२० मध्ये असहकाराची हाक येताच त्यांनी ती परत केली; लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली आणि ती मात्र शेवटपर्यंत त्यांच्या नावाला चिकटून राहिली. त्याच वर्षी धमतरीजवळच्या कंडेल गावात कालव्याच्या पाण्यावरील अन्याय्य दंडाविरुद्ध सत्याग्रह झाला. पं. सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव यांच्या बरोबरीने नारायणराव मेघावाले यांनी तो चालवला. सरकारने जप्त केलेली जनावरे लिलावासाठी बाजारोबाजार फिरवली, पण बोली लावायला कोणी पुढे आले नाही. १८५७ मध्ये शेजारचे जमीनदार इंग्रजांना वाट दाखवत होते. १९२० मध्ये शेजारच्या गावचा शेतकरी स्वस्तात मिळणारा बैलसुद्धा घेत नव्हता. साठ-बासष्ट वर्षांत समाजाने केवढी वाट चालली, हे या दोन चित्रांतून दिसते.

१९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या पाच नेत्यांना लोक ‘पाच पांडव’ म्हणू लागले : युधिष्ठिर वामनराव लाखे, भीम महंत लक्ष्मीनारायणदास, अर्जुन ठाकूर प्यारेलालसिंह, नकुल मौलाना अब्दुल रऊफ आणि सहदेव शिवदास डागा. मराठी वकील, मठाचे महंत, छत्तीसगढचे कामगारनेते, मुसलमान मौलाना आणि मारवाडी व्यापारी अशा पाच घरांची ही नावे एकत्र उच्चारताना रायपूरकरांना काही विशेष केल्यासारखे वाटत नसे. हे शहर असेच घडले आहे. १९४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात, वयाची जवळजवळ सत्तर वर्षे झाली असताना, लाखे यांनी सिमगा येथे सत्याग्रह करून कारावास पत्करला.

१५ ऑगस्ट १९४७

स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी रायपूरच्या गांधी चौकात तिरंगा फडकवला तो वामनराव लाखे यांनी. पोलीस परेड मैदानावरील ध्वजारोहण मध्यप्रांताचे तत्कालीन अन्नमंत्री रा. कृ. पाटील यांच्या हस्ते झाले. अन्नासाठी सुरू झालेल्या लढ्याच्या शहरात स्वातंत्र्याचा ध्वज एका सहकारी कार्यकर्त्याने आणि एका अन्नमंत्र्याने उभारावा, हा योगायोगच. पण या शहराचा इतिहास जाणणाऱ्याला तो अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. लाखे यांचे निधन पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये झाले.

स्वातंत्र्याची खूण म्हणून जो स्तंभ उभा राहिला, त्याला ‘जयस्तंभ’ असे नाव मिळाले. ज्या जागेला लोकस्मृती नारायणसिंह यांच्या मृत्यूशी जोडते, त्या जागेला विजयाचे नाव मिळाले आहे. दरवर्षी १० डिसेंबरला येथे त्यांना अभिवादन केले जाते. नवा रायपुरातील आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमलाही त्यांचेच नाव आहे. माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे यांच्या नावांनी रायपुरात शाळा आहेत. नावे देण्यात हे शहर कमी पडलेले नाही.

आपले देणे

नाव लावल्याने स्मरण सुरू होते, पूर्ण होत नाही. नारायणसिंह यांचे नाव क्रिकेटच्या मैदानाच्या दारावर वाचणाऱ्या मुलाला कसडोलच्या कोठाराची गोष्ट कळली नाही, तर ते नाव इतर नावांसारखेच एक होऊन जाते. लाखेनगरात राहणाऱ्याला लाखे कोण हे सांगता आले नाही, तर तो केवळ पत्ता उरतो.

मराठी माध्यमाची शाळा रायपुरात चालवणे हे सोपे काम कधीच नव्हते. घरी मराठी, बाजारात हिंदी, मोलकरणीशी आणि शेतकऱ्याशी छत्तीसगढी, आणि आता नोकरीसाठी इंग्रजी, अशा चार भाषांच्या गर्दीत आपली मुले वाढतात. पालकांना कधी कधी असे वाटते की, मराठी शिकवणे म्हणजे मुलाला या प्रदेशापासून तोडून दूरच्या पुण्या-नागपुराशी जोडणे होय. सप्रे आणि लाखे यांचे चरित्र या शंकेला उत्तर देते. ‘दासबोध’ मराठीत वाचला होता म्हणून सप्रे तो हिंदीत नेऊ शकले. आपल्या भाषेत खोलवर रुजलेला माणूसच शेजाऱ्याच्या भाषेला काही मोलाचे देऊ शकतो. मराठी शाळेने रायपूरला असे देणारे विद्यार्थी द्यावेत, हीच तिच्याकडून अपेक्षा आहे, आणि साठ वर्षांत तिने ती बऱ्याच अंशी पूर्ण केली आहे.

त्याचबरोबर आणखी एक देणे आपल्यावर आहे. भोसल्यांच्या दफ्तराबरोबर आलेला समाज म्हणून आपल्या इतिहासाची सुरुवात वसुलीच्या बाजूने झाली. ती वस्तुस्थिती झाकण्याचे कारण नाही, कारण तिच्यापुढे आपल्याच माणसांनी दुसरा अध्याय लिहिला. बिंझवार समाजातील एका वृद्ध प्रमुखाने जो प्रश्न प्राण देऊन विचारला, त्याचे उत्तर शोधण्यासाठी तात्यापाऱ्याच्या पिढीने लेखणी, बँक आणि तुरुंग यांचा आधार घेतला. आपण या दोन्ही अध्यायांचे वारस आहोत. त्यांपैकी कोणता पुढे न्यायचा, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांना आणि पालकांना एक सूचना करावीशी वाटते. वर्षातून एकदा, १० डिसेंबरच्या आसपास, सातवी-आठवीच्या मुलांना जयस्तंभ चौकात न्यावे. सकाळी लवकर, वर्दळ सुरू होण्याआधी. तेथे भाषण न करता त्यांना केवळ तीन गोष्टी सांगाव्यात : १८५६ मध्ये पाऊस पडला नाही, एका माणसाने कोठार उघडले, आणि त्याने ते स्वतः सरकारला कळवले. पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतील. त्या प्रश्नांना खरी उत्तरे देता यावीत इतका अभ्यास आपण केलेला असावा, एवढेच मागणे हा स्तंभ आपल्याकडे करतो.